आईचा खांदा मोडलाय : प्लेट, सांधाबदल की नुसती झोळी?

डॉक्टर, नमस्कार. माझी आई ७२ वर्षांची. सोमवारी सकाळी परसात शेवाळावरून पाय घसरला आणि ती उजव्या खांद्यावर आपटली. दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलंय, तीन तुकडे झालेत आणि सरकलेत, असं रिपोर्टमध्ये आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, याच आठवड्यात प्लेट घालू. दुसऱ्यांनी झोळी दिली. म्हणाले, ऑपरेशनची गरज वाटत नाही, आठवड्याने परत एक्स-रे काढू. भाऊ अबुधाबीला असतो. तो म्हणतो, पैशांकडे बघू नकोस, हल्ली सांधाच बदलतात, तेच कर. शेजारच्या काकू हाडवैद्याचं नाव सांगतात. आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तिचं म्हणणं, कापाकापी नको, पण देवपूजा आणि भाकरी माझी मला करता आली पाहिजे. आज चौथा दिवस. दंड कोपरापर्यंत काळानिळा पडलाय, बघवत नाही. घरात निर्णय घेणारी मी एकटीच. चुकले तर जन्मभर आईचा हात माझ्या डोळ्यांसमोर राहील. काय करू?
(एक मुलगी, जि. सांगली)

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दोन ओळी कळवल्या होत्या, त्या इथे आधी पुन्हा सांगतो, कारण याच अवस्थेत असलेलं आणखी कोणीतरी हे वाचत असेल. काळंनिळं बघून घाबरू नका. मोडलेल्या हाडातून झिरपलेलं रक्त वजनाने खाली उतरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते कोपरापर्यंत दिसतं, कधी छातीच्या कडेलाही दिसतं, मग हिरवट-पिवळं होऊन दोन-तीन आठवड्यांत विरतं. हात खराब होतोय असा त्याचा अर्थ नाही. खरी घाई कधी करायची? हात गार पडला, पांढरा किंवा निळा झाला, बोटं हलेनाशी झाली, मनगट वर उचलता येईना, किंवा मोडलेल्या जागी कातडी फाटली तर. मग आठवडा नाही, तासभरही थांबायचं नाही. यातलं काही नसेल तर तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. अशी ऑपरेशनं साधारण पहिल्या दोन आठवड्यांत केली तरी चालतात. 'याच आठवड्यात' म्हटलं म्हणून आजच्या आज सही करायची गरज नाही.

आणि हो, आईच्या उजव्या हातातल्या बांगड्या, पाटली, अंगठी काढलीत का? नसेल तर हे वाचणं थांबवून आधी ते करा. सूज उतरत उतरत हातापर्यंत येते आणि मग अंगठी बोटात रुतते. साबणाच्या पाण्याने निघाली नाही तर सोनाराकडून कापून घ्या. आया याला तयार होत नाहीत, मला माहीत आहे. तरीही.

आता मुख्य प्रश्न. दोन डॉक्टरांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या म्हणजे एक जण तरी चुकतोय किंवा फसवतोय, असं तुमच्या मनात आलं असेल. पण या हाडाच्या बाबतीत चांगले, प्रामाणिक अस्थिरोगतज्ज्ञही एकाच एक्स-रेवर वेगळं बोलतात. मी स्वतः तीस वर्षांपूर्वी जे सांगायचो ते आज सांगत नाही.

त्याचं कारण कळायला खांदा थोडा समजून घ्यावा लागेल. दंडाच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा. तो खांद्याच्या वाटीत बसतो असं आपण म्हणतो, पण ती वाटी इतकी उथळ आहे की बशीवर लिंबू ठेवावं तसा प्रकार. गोळ्याच्या कडेला दोन उंचवटे असतात, एक मोठा, एक लहान. हात उचलणारे, फिरवणारे आतले स्नायू त्यांना चिकटलेले असतात. आणि त्याखाली हाड निमुळतं होतं ती मान. वयस्कर माणूस पडला की बहुतेकदा या मानेपाशीच मोडतं. गोळा, दोन उंचवटे आणि खालचा दांडा, असे चार भाग धरून या मोडीचं वर्गीकरण अमेरिकन सर्जन चार्ल्स नीअर यांनी १९७० मध्ये मांडलं आणि आजही आम्ही त्याच भाषेत बोलतो. तुमच्या रिपोर्टमधले 'तीन तुकडे' तिथून आलेत. एखादा भाग १ सेंटिमीटरहून जास्त सरकला किंवा ४५ अंशांहून जास्त कलला, तरच तो वेगळा तुकडा मोजायचा. म्हणजे 'तीन तुकडे' वाचून हाडाचा चुरा झालाय असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. बहुधा गोळा एक, मोठा उंचवटा दुसरा आणि दांडा तिसरा, इतकाच त्याचा अर्थ असेल.

आता यात गंमत अशी की खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे. गुडघ्याचं हाड थोडं वाकडं जुळलं तर चालणं बिघडतं. खांद्याचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी उरलेली हालचाल रोजच्या कामांना पुष्कळ पुरते, शिवाय पाठीवरचं खवाटं त्याच्या मदतीला येतं. वर हे हाड जुळायला हट्टी नाही. तिथे रक्तपुरवठा चांगला, भोवती स्नायूंची गादी. झोळीत ठेवलेली बहुतेक हाडं जुळतात. म्हणूनच एक्स-रेतलं हाड आणि माणसाचा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला पुस्तकातून नाही, चुकून शिकावं लागलं.

या शतकाच्या सुरुवातीला लॉकिंग प्लेट आली तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो. जुन्या प्लेटचे स्क्रू ठिसूळ हाडातून सुटायचे. नव्या प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्याच भोकात आटे धरून घट्ट बसतं. आता म्हाताऱ्या हाडालाही धरता येईल, असं वाटलं. मीही उत्साहाने घातल्या. साठी ओलांडलेल्या एका बाईंचा ऑपरेशननंतरचा एक्स-रे मी विद्यार्थ्यांना दाखवायचो, इतका देखणा होता. सहा महिन्यांनी त्या हात उचलला की कळवळायला लागल्या. आतला गोळा खचला होता आणि स्क्रूची टोकं बाहेर येऊन वाटीला घासत होती. पुन्हा ऑपरेशन करून सगळं काढावं लागलं. त्याच सुमारास दुसऱ्या एक बाई घरच्यांनी ऑपरेशनला नाही म्हटल्यामुळे झोळीवर राहिल्या होत्या. त्यांच्या एक्स-रेतलं हाड मला बघवत नव्हतं. वर्षाने त्या आल्या त्या स्वतःची वेणी स्वतः घालून. त्या दोन हातांनी मला बराच काळ झोप लागू दिली नाही.

ठिसूळ हाडात स्क्रू घालणं म्हणजे भुसभुशीत मातीच्या भिंतीत खिळा ठोकणं. खिळा कितीही चांगला असला तरी धरायला भिंत हवी. म्हातारपणी गोळ्याच्या आतलं हाड पोकळ होत गेलेलं असतं, वर एक पातळ कवच उरतं. शिवाय मोडताना गोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दुखावल्या असतील तर गोळ्याचा काही भाग पुढे मरतोही, मग तो प्लेटसकट खचतो. आतल्या बाजूचा, म्हणजे काखेकडचा हाडाचा आधार शाबूत असेल तर प्लेट टिकण्याची शक्यता बरी. तो चुरला असेल तर सावध व्हायला हवं. ज्यांनी प्लेट सुचवली त्यांना हा एक प्रश्न जरूर विचारा : "आतल्या बाजूचा आधार कसा आहे?" विचारपूर्वक काम करणारा डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही, एक्स-रे दिव्यावर लावून दाखवतो.

माझ्या एकट्याच्या अनुभवावर जाऊ नका. ब्रिटनमध्ये ३२ रुग्णालयांत मिळून एक मोठी चाचणी झाली, 'प्रोफर' नावाची. मानेपाशी मोडलेलं आणि सरकलेलं हाड असलेले २५० रुग्ण, सरासरी वय ६६, त्यांत बहुतेक स्त्रिया. चिठ्ठी टाकल्यासारखं करून निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना झोळी आणि व्यायाम. दोन वर्षं त्यांना विचारत राहिले : दुखतं का, कपडे घालता येतात का, केस विंचरता येतात का, घरकाम जमतं का. २०१५ मध्ये निकाल छापून आला. ४८ पैकी गुण द्यायचे होते. ऑपरेशनवाल्यांना सरासरी ३९, झोळीवाल्यांना ३८. हा फरक म्हणजे फरकच नाही. पाच वर्षांनी बघितलं तरी चित्र तेच. नंतर जगभरच्या अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही हेच दिसलं की सरकलेल्या बहुतेक मोडींत ऑपरेशनमुळे वर्ष-दोन वर्षांनी हात जास्त चांगला चालतो असं नाही. उलट पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता मात्र वाढते.

पण त्या चाचणीची मर्यादा सांगितली नाही तर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ज्यांना ऑपरेशन लागणारच हे सर्जनला स्पष्ट दिसत होतं, त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. म्हणून 'ऑपरेशन कधीच नको' असा निष्कर्ष त्यातून काढू नका. गोळा वाटीतून निसटून बाहेर पडला असेल, गोळाच मधून फुटला असेल, हाड कातडीबाहेर आलं असेल, मुख्य रक्तवाहिनी दुखावली असेल, तर ऑपरेशनला पर्याय नसतो. दांडा आणि गोळा एकमेकांना कुठेच टेकत नसतील तर हाड जुळायची खात्री कमी होते. मोठा उंचवटा वर सरकून बसला असेल तर हात उचलताना तो वरच्या हाडाला अडतो. इथे अर्धा-पाऊण सेंटिमीटरसुद्धा महत्त्वाचं ठरतं, विशेषतः धडधाकट, कामाच्या माणसात. आणि तिशी-चाळिशीतला कोणी मोटारसायकलवरून पडला असेल तर त्याच्या हाडात दम असतो, पुढे पन्नास वर्षं हात वापरायचाय, तिथे प्लेट घालून नीट बसवण्याकडे माझा कल आजही असतो. त्याला ७२ वर्षांच्या बाईचा हिशेब लावायचा नाही, आणि आईंना त्याचा लावायचा नाही.

म्हणून तुम्ही पाठवलेल्या दोन ओळींच्या रिपोर्टवरून मी निकाल देणार नाही. एक्स-रे किमान दोन-तीन बाजूंनी काढलेला हवा. समोरून काढलेल्या एकाच फोटोत गोळा वाटीतून मागे निसटलेला असला तरी लक्षात येत नाही. शंका असेल, किंवा ऑपरेशन ठरत असेल, तर सीटी स्कॅन करून घ्या. आणि डॉक्टरांनी आईंच्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे लस टोचतात तिथे, बोट लावून "इथे कळतंय का?" असं विचारलं होतं का ते आठवा. हात उचलणाऱ्या मोठ्या स्नायूची नस त्या मानेला वेढा घालून जाते. ती दुखावली असेल तर तिथे बधीरपणा येतो. बहुतेकदा ती काही महिन्यांत आपोआप सावरते, पण आज काय अवस्था आहे हे कागदावर असायला हवं, मग ऑपरेशन करा किंवा करू नका.

या सगळ्यात गोळा वाटीत आहे, अखंड आहे, तुकडे एकमेकांना टेकलेले आहेत आणि बोटं हलताहेत, असं निघालं तर माझं मत स्पष्ट आहे : ज्यांनी झोळी दिली त्यांचं ऐका. त्यांनी 'आठवड्याने परत एक्स-रे' सांगितलं आहे, हे मला फार आवडलं. झोळी देऊन 'दीड महिन्याने या' म्हणणं वेगळं आणि लक्ष ठेवणं वेगळं. पहिल्या आठवड्यात हाड आणखी सरकलं तर मत बदलता येतं, आणि बदलायलाही हवं.

आता भावाच्या सांधाबदलाबद्दल. त्याने वाचलंय ते खोटं नाही. त्याला 'रिव्हर्स' सांधा म्हणतात. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातले सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना उभी केली. गोळ्याच्या जागी वाटी बसवायची आणि वाटीच्या जागी गोळा. अशी अदलाबदल केली की आतले फाटलेले स्नायू कामाचे उरले नसले तरी वरचा मोठा स्नायू एकटा हात उचलू शकतो. नॉर्वेत ६५ ते ८५ वर्षांच्या १२४ रुग्णांवर चाचणी झाली. जास्त सरकलेली हाडं, निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना रिव्हर्स सांधा. दोन वर्षांनी शंभरपैकी गुण दिले तेव्हा सांधेवाल्यांना ६८ आणि प्लेटवाल्यांना सुमारे ५५ मिळाले. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आमच्यातल्या अनेकांनी वयस्कर माणसांत प्लेटकडे हात कमी केला. तेव्हा आईंचं ऑपरेशन करावंच लागलं, तर त्या वयात प्लेट की रिव्हर्स, हा प्रश्न तुम्ही नक्की विचारा. ते ऑपरेशन वर्षात किती करता, हेही विचारा. हे रोजचं काम असणारा सर्जन हवा. पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी चालेल, वेळ आहे.

पण भावाला हेही सांगा की त्या चाचणीत तुलना प्लेटशी होती, झोळीशी नव्हती. ऐंशीच्या पुढच्या रुग्णांत रिव्हर्स सांधा आणि झोळी यांची तुलना स्पेनमध्ये झाली, तेव्हा वर्षाने फारसं अंतर दिसलं नाही. बसवलेला सांधा म्हणजे जंतुसंसर्गाची, सांधा निसटण्याची जोखीम, शुगर असलेल्या माणसात थोडी जास्तच. आणखी एक गोष्ट आहे, ती बाईमाणसाच्या रोजच्या आयुष्यातली आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. रिव्हर्स सांध्यानंतर हात वर चांगला जातो, पण पाठीमागे नेणं अनेकांना जड जातं. नऊवारीचा काष्टा मागे खोचणं, परकराची नाडी मागून सारखी करणं, न्हाणीघरातली स्वच्छता. उजवा हात वर जाऊन देवाला फूल वाहील, पण मागे जाईल का? आईंना कोणतं काम जास्त लागतं, हे तुम्ही विचारा, मी नाही.

झोळीचं सांगायचं तर तो दरवाजा बंद करणारा निर्णय नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. चार-सहा महिन्यांनी हाड जुळलंच नाही किंवा दुखणं सोसवेना असं झालं तर तेव्हा रिव्हर्स सांधा करता येतो. तोच सांधा फसलेल्या प्लेटनंतर करणं बरंच अवघड असतं. भाऊ दूर आहे, त्याला काहीतरी ठोस करावंसं वाटतंय, आणि पैसे पाठवणं हे त्याच्या हातात आहे. त्याला सांगा, ते पैसे तीन महिन्यांच्या फिजिओला आणि न्हाणीघराच्या फरशीला लागणार आहेत. झोळी म्हणजे आईच्या उपचारात काटकसर, असं त्याच्या मनात राहू देऊ नका. ऑपरेशन ठरलं तर मात्र प्लेट किंवा सांध्याची किंमत आधी लिहून घ्या, आणि रुग्णालय जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

हाडवैद्याकडे नेऊ नका. काकूंना वाईट वाटेल, तरी नको. या जागेला पट्ट्या बांधून धरता येत नाही, आणि ओढून 'बसवायला' गेलं तर जी नस आणि रक्तवाहिनी आज शाबूत आहे तीच दुखावते. तेल लावून चोळणं तर मुळीच नको. चोळलेल्या जागी स्नायूत हाड धरतं आणि खांदा कायमचा आखडतो. असे हात मी पाहिलेत, आणि त्यांचं फार काही करता येत नाही.

झोळीचे दिवस कसे जातील ते आता सांगतो, कारण निर्णयाइतकंच हेही महत्त्वाचं आहे आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत ते कोणी सांगत नाही. पहिले दोन आठवडे खरोखर वाईट असतात. आडवं झालं की हाडं आतल्या आत हलतात आणि कळ येते, म्हणून आईंना सपाट झोपवू नका. पाठीला लोड-तक्क्या लावून अर्धवट बसतं झोपवा, कोपराच्या खाली आणि मागे एक उशी द्या. तीन-चार आठवडे अशीच झोप. आरामखुर्ची असेल तर काहींना तीच बरी वाटते. ब्लाउज पुढून उघडणारा, ढगळ. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. आंघोळीच्या वेळी झोळी काढायला हरकत नाही : आई किंचित पुढे झुकल्या की हात आपोआप अंगापासून सुटतो, काख ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. या दमट दिवसांत काखेत घाम साचून कातडी सोलवटते, बुरशी धरते, शुगरमध्ये लवकर. काखेत एक मऊ सुती कपडा घडी करून ठेवा. दुखण्याची गोळी डॉक्टरांना शुगरचं आणि किडनीचं सांगूनच घ्यायची. मेडिकलमधून मनाने आणलेली 'जोरदार' गोळी नको.

बोटं, मनगट, कोपर आजपासूनच हलवायचं. तासातासाला मूठ उघडझाप. खांद्याचा व्यायाम साधारण एक-दोन आठवड्यांनी, डॉक्टर हो म्हणाले की : डाव्या हाताने टेबल धरून पुढे वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडायचा, विहिरीत सोडलेली कळशी दोरावर हलते तसा. हात हलवायचा नाही, हलू द्यायचा. पुढे चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा हात उचलायचा, भिंतीवर बोटं चढवायची, दाराला कप्पी बांधून ओढायची. जोर लावायचे व्यायाम हाड जुळल्यावर, साधारण तीन महिन्यांनी. लवकर सुरू केलं आणि रोज केलं तर खांदा मोकळा होतो. दुखतंय म्हणून दीड महिना हात पोटाशी बांधून ठेवला, तर हाड जुळतं आणि खांदा थिजतो. प्लेट घातली तरी हेच व्यायाम चुकत नाहीत. लोकांना वाटतं, ऑपरेशन केलं म्हणजे सुटलो.

काय हाती लागेल ते खरं सांगतो. हात पूर्वीसारखा सरळ कानाला लागेल असं कबूल करत नाही. बऱ्याच जणांचा खांद्याच्या रेषेच्या थोडा वर जातो. तेवढ्यात ताट वाढणं, वेणी घालणं, कपडे बदलणं होतं. भाकरी थापणं खांद्याखालचं काम आहे, ते बहुधा तीन-चार महिन्यांत जमू लागेल. उंच फडताळातला डबा मात्र आता खाली आणून ठेवा. सुधारणा वर्षभर होत राहते, तीन महिन्यांनी हताश होऊ नका. आई मिश्री लावत असतील तर ती सोडवा, तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो. शुगर ताब्यात ठेवा.

आणखी एक गोष्ट आहे. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही आणि दोन्ही डॉक्टरांनीही बहुधा केलेला नाही. उभ्याने घसरून पडलं आणि एवढं हाड मोडलं, याचा अर्थ हाडं ठिसूळ झाली आहेत, असंच धरून चालायचं. खांद्यानंतरच्या वर्षभरात खुब्याचं हाड मोडण्याचा धोका चांगलाच वाढलेला असतो, आणि खुबा हा खांद्यासारखा क्षमाशील नाही. महिन्याभरात आईंची हाडांच्या घनतेची तपासणी, डेक्सा, करून घ्या. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासा. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागवू नका. ठिसूळपणावर आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन अशी खरी औषधं आहेत, ती आईंना चालतील का हे विचारा. डोळे तपासा, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. रात्री उठताना चक्कर येते का, झोपेची किंवा बीपीची गोळी चालू आहे का, बघा. परसातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा. तुळशीपर्यंत खडबडीत फरशी घाला, न्हाणीत धरायला दांडा बसवा. उजवा हात झोळीत असताना तोल आणखी जातो, म्हणून पहिला दीड महिना त्यांनी ओल्या जागी एकटं जाऊ नये.

ताई, 'चुकले तर' असं तुम्ही लिहिलंय. वर सांगितलेलं बघून, विचारून, आईंशी बोलून तुम्ही जे ठरवाल त्याला चूक म्हणता येणार नाही, मग वर्षाने हात किती उचलला जातो ते काहीही असो. आईंनी त्यांचं म्हणणं स्वच्छ सांगितलं आहे. पुढच्या भेटीत त्यांना खोलीबाहेर बाकावर बसवून तुम्ही आणि डॉक्टर बोलू नका. त्यांना आत घ्या, त्यांच्या भाषेत त्यांना सगळं सांगायला लावा.

आठवड्याने काढलेला एक्स-रे आधीच्या शेजारी ठेवून दोन्हींचे फोटो मला पाठवा, सगळ्या बाजूंचे. आणि गौरी-गणपतीपर्यंत आई देवघरात कोणत्या हाताने फूल वाहायला लागल्या, तेही कळवा.